दुपारी एकचा फोन

आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं छापतात. मी तिथे मुद्रितशोधक. मागच्या महिन्यात 'रिकाम्या पोटी न घेणे' यातला 'न' गळला आणि माझ्या नजरेतूनही सुटला, कारण मी मांडीवरच्या फोनमध्ये कुणाचं तरी मांजर बघत होतो. मशीनवाल्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. साहेब एवढंच म्हणाले, "पुढचा 'न' गळला, तर पगारपत्रकातून तुमचं नाव गळेल."

तेव्हापासून सकाळी दहाला फोन बंद करून माझ्या लोखंडी कपाटात ठेवायचा, सहाला काढायचा, किल्ली खिशात. पहिले दोन दिवस हात उगाच खिसा चाचपत राहिला. मग डोकं निवलं. काना, मात्रा, अनुस्वार सुटे सुटे दिसू लागले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आठवड्याभराने एका संध्याकाळी घरी गेलो, तर बायको खुशीत होती. "अहो, आज दुपारी किती छान बोललात!"

"कोण, मी?"

"पाऊण तास! लेकीला गोष्टसुद्धा सांगितलीत. पानातलं सगळं संपवलंन् तिने, कटकट न करता."

मला वाटलं, फिरकी घेतेय. तिने तिचा फोन पुढे केला. एक वाजून दोन मिनिटं, माझा नंबर, त्रेचाळीस मिनिटं. माझ्या फोनवर काहीच नोंद नव्हती. मी फोन कंपनीच्या नावाने बोटं मोडली. लग्नाच्या पहिल्या वर्षी दिसायची तशी दिसत होती ती. तो मी नव्हतो, हे सांगायची छाती झाली नाही. खरं सांगायचं तर मत्सर वाटला.

मग रोज एकला फोन येऊ लागला. संध्याकाळी मी काही बोलायला गेलो की पाच वर्षांची लेक तोंड वाकडं करायची. "हे दुपारीच सांगितलं की!"

आज एक वाजता मी कपाटाला कान लावला. पत्रा गार होता. आत माझाच आवाज, पण माझ्यापेक्षा मायाळू.

"संध्याकाळी घरी येतो ना, तो घुम्याच आहे. थोडे दिवस सांभाळून घे."

मी कुलूप काढलं. फोन बंद होता. हाताला कोमट लागला.

तो तिथेच ठेवून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं. बायकोने वेड्यात काढलं तरी चालेल, पण आता सगळं सांगायचं होतं. दोघींना गमवायचं नव्हतं मला.

दाराला आतून कडी होती. बेल वाजवली.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

"अगं, मी. उघड."

आत कुजबुज झाली.

लेकीची पावलं दारापर्यंत आली.

"बाबा फोनवर आहेत," ती आतूनच हळू आवाजात म्हणाली. "ते म्हणतायत, काका थोडा वेळ बेल वाजवतील, मग आपोआप जातील."