कचरा नव्हे, कादंबरी!

भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली:

ÃÖ´Öã¦ü ŸµÖÖ ×¤ü¾Ö¿Öß ±úÖ¸ü ¸üÖÝÖÖ¾Ö»ÖÖ ÆüÖêŸÖÖ.

मृण्मयीने मान वाकडी करून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. ही मराठी नव्हती, इंग्रजी नव्हती, कुठलीच भाषा नव्हती.

“निरर्थक मजकूर,” कोठारी म्हणाला. “पुसून टाकण्याची शिफारस करतो.”

कोठारी हा ‘अक्षरकोठार’ नावाच्या संस्थेचा यंत्रमानव. लेखकांच्या घरी जाऊन त्यांचं जुनं लिखाण कायमच्या जतनासाठी गोळा करायचं, हे त्याचं काम. म्हणूनच आज तो रत्नागिरीला मृण्मयीच्या आत्याआजीकडे, म्हणजे बाबांच्या आत्याकडे आला होता. आत्याआजी लेखिका होती. ऐंशी उलटली तरी तिचा आवाज अंगणापलीकडे ऐकू जाई.

“निरर्थक?” ती खुर्चीतून उठलीच. “अरे, माझी कादंबरी आहे ती! दीपगृहावर राहणाऱ्या मुलीची!”

“यातला एकही शब्द शब्दकोशात नाही. अशा फाइली कचरा धरायच्या, असा नियम आहे.”

आत्याआजी रागाने लाल झाली. “कचरा म्हणे! छापील प्रत प्रकाशकाकडे पुरात गेली, तेव्हापासून जिवापाड जपलीय मी ही. फ्लॉपी बंद होणार म्हटल्यावर सीडीवर घेतली. सीडी गेल्या, पेनड्राइव्हवर घेतली. तेही गेले, तेव्हा आणखी पुढच्या साधनात. एक अक्षर गळू दिलं नाही!”

“फाइल खराब झाली आहे का?” मृण्मयीने कोठारीला विचारलं.

“नाही. पूर्ण शाबूत आहे.”

मृण्मयी चक्रावली. काहीच हरवलं नाही, तरी वाचता येत नाही? असं कसं?

“मी सांगते कसं,” आत्याआजी म्हणाली. “संगणकाला ‘स’ कळत नाही, ‘म’ही कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. याला म्हणतात संकेतन (अक्षरांना क्रमांक नेमून देण्याची पद्धत).”

“हजेरीपटासारखं?”

“अगदी तसंच.”

मृण्मयीला एकदम आठवलं. “आमच्या वर्गावर बदली बाई आल्या होत्या, त्यांनी चुकून शेजारच्या वर्गाचा हजेरीपट आणला. क्रमांक बरोबर होते, पण नावं सगळी भलत्यांचीच!”

“इथेही तेच झालंय. त्या काळात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ठरलेले होते. मराठीला जागाच ठेवली नव्हती. मग फॉन्ट (अक्षरांच्या आकारांचा संच) बनवणाऱ्यांनी परक्या अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवले. तेही प्रत्येकाने वेगळे! एकाचा ‘स’ दुसऱ्याकडे ‘ढ’ व्हायचा. कोणाला वाटलं नाही की लिहिणाऱ्याचं पुढे काय होईल? पुढे युनिकोड (जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच सामाईक क्रमांकपद्धत) रुळलं, पण माझी कादंबरी आधीची. मी डबे बदलत राहिले गं, आतली भाषा बदलायची राहिली.”

“म्हणजे आपल्याकडे हजेरीपट नाही आणि कचरा म्हणायचं हिच्या कादंबरीला?” मृण्मयी कोठारीकडे वळली. तिचेही कान तापले होते. “हा कुठला न्याय?”

“माझ्याकडे अनेक जुन्या फॉन्टचे तक्ते आहेत,” कोठारी शांतपणे म्हणाला. “त्यातला एकही जुळला नाही.”

“कसा जुळेल? आमच्या गल्लीतल्या छापखानेवाल्याने घरीच बनवला होता तो फॉन्ट. छापखाना कधीच बंद पडला.”

“मग तक्ता आपणच करू,” मृण्मयी म्हणाली. “आत्याआजी, तुला यातलं काही पाठ आहे?”

“पहिलं वाक्य आहे ना! ‘समुद्र त्या दिवशी फार रागावला होता.’”

कोठारीने ते वाक्य पडद्यावरच्या ओळीखाली लिहिलं. वर सहा शब्द, खाली सहा शब्द. मधल्या मोकळ्या जागा तंतोतंत जुळल्या.

मृण्मयी पडद्याला नाक लावून उभी राहिली. “हा डोक्यावर दोन ठिपके असलेला गोल बघा, जिकडेतिकडे आहे! ‘समुद्र’मध्ये दोनदा, ‘होता’मध्ये तीनदा.” ती बोटाने हवेत अक्षरं गिरवू लागली. “‘स’ला शेवटी उभी रेघ, ‘म’ला उभी रेघ, कान्यालाही उभी रेघ... हा गोल म्हणजे उभी रेघ! त्यांनी पूर्ण अक्षरं ठेवलीच नाहीत, तुकडे ठेवलेत!”

“शाब्बास!” आत्याआजी म्हणाली.

मग काम भराभर पुढे गेलं. कोठारीने तुकडे जोडून वाक्य नव्याने लिहिलं. तर ‘दिवशी’च्या जागी ‘िदवशी’ आलं.

“वेलांटी आधीच पळाली!” मृण्मयी हसली.

“जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो तो क्रम असे, वेलांटी आधी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी ‘द’, मग वेलांटी,” आत्याआजीने सांगितलं. कोठारीने सगळ्या वेलांट्या जागेवर बसवल्या.

पुढच्या ओळीत ‘ला☐ा’ असा शब्द आला. “लाटा!” मृण्मयी ओरडली, आणि ‘ट’ सापडला. त्याच्या आधारे पुढचा शब्द, त्यावरून आणखी पुढचा. चहाची वेळ झाली तेव्हा पहिलं पान वाचता येत होतं. दीपगृहावरची मुलगी वादळात बापाची वाट बघत होती. आत्याआजी मोठ्याने वाचू लागली. मध्येच तिने चष्मा पुसला.

“या मजकुरात अर्थ आहे,” कोठारी म्हणाला.

“आधीपासून होता!” आत्याआजी कडाडली. “तुला वाचता येत नव्हतं, एवढंच!”

मृण्मयीच्या मनात भलतीच शंका आली. “कोठारी, कचरा ठरवलेल्या इतर लेखकांच्याही फाइली आहेत?”

“बऱ्याच आहेत. आज संध्याकाळी पुसल्या जातील. कोणत्याही लेखकाने हरकत घेतली तर थांबवता येतं.”

“मग मी हरकत घेतेय,” आत्याआजी म्हणाली.

“कोणत्या फाइलीबद्दल?”

“सगळ्या!”

कोठारीने सगळ्या फाइलींची यादी उघडली. त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. “नोंद झाली. पुसणं थांबवलं आहे.”

“आता पहिली फाइल दाखव,” मृण्मयी म्हणाली.

पडद्यावर वेगळ्याच चिन्हांच्या ओळी उमटल्या, आखूड आखूड, कवितेसारख्या. खाली संस्थेच्या नोंदीत लेखकाचा पत्ता आणि फोन नंबर होता, नागपूरचा. मृण्मयीने तो वाचला. “यांच्या काही कविता छापून आल्या असतील ना? एक जरी मिळाली तरी ती याच्याशी जुळवून बघता येईल.”

“बघत काय बसलीस?” आत्याआजी म्हणाली. “लाव फोन!”