कलेक्टरच्या पायातला दोरा

"कुत्रं गाडीत नाही चालत, बाई," कंडक्टर म्हणाला, आणि मालेगावची बस आमच्या नाकासमोरून निघून गेली. आम्ही म्हणजे मी, ज्योत्स्ना, आणि गोणपाटात गुंडाळलेला आमचा सहा महिन्यांचा कलेक्टर. ऐटीत चालतो म्हणून हे नाव. आज मात्र मेडशीच्या फाट्यावर माझ्या कडेवर बसून कण्हत होता.

"काय झालं याले?"

मोटारसायकलवर राजपाल होता. आमच्या शेताला लागून याचं शेत. बांधावरून बघायचा, बोलायचा मात्र कधीच नाही.

"पाय सुजला. तीन दिवस झाले. बाबा म्हणे हळद-चुना लाव, उतरते. उतरली कुठं?"

त्यानं खाली उतरून पंजाला हळूच हात लावला. "टेकवून राह्यला का?"

"काल टेकवे. आज नाही."

"खाते?"

"सकाळी भाकर हुंगलीबी नाही."

"चालत असता, खात असता, त एखादा दिवस पाह्यलं असतं. हा पाय गरम हाय, बोटं फुगली. उद्यावर ढकलण्यात अर्थ नाही. बसा."

"तुमाले इतकं कसं ठाऊक?"

"घरी सात बकऱ्या हायेत," तो म्हणाला. अशा वेळीही मला हसू आलं.

गाडीवर आमच्या मध्ये कलेक्टर होता म्हणून बरं... नाहीतर माझ्या छातीतली धडधड त्याला कळली असती.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पायावरचे केस बाजूला केले आणि थांबल्या. पंजाच्या वर, कातडीत रुतलेला लाल दोरा.

"कोणी बांधला हा? पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. अजून दोन दिवस थांबला असतात तर पंजा गेला असता."

तीन दिवस मी वरून हळद फासत होते. एकदा केस बाजूला करून पाहिलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला.

"बांधणारा सापडू दे," मी म्हणाले. "त्याले सोडत नाही मी."

राजपाल भिंतीकडे बघत राहिला.

पट्टी बांधून बाहेर आलो, तेव्हा गाडीला किल्ली न लावताच तो म्हणाला, "म्या बांधला."

"तू?"

"दुपारी हा माह्या गोठ्यात येते. महिना झाला बांधून... वाटलं, तुमी दोरा पाहसान, कोणाचा म्हणून इचारसान. मंग बोलता आलं असतं."

"मंग सोडला काहून नाही?"

"वरून दिसे ना. वाटलं, तुमी सोडून ठेवून घेतला... म्हंजे तुमाले राग नाही."

राग होताच. कलेक्टरचा पाय जाता जाता राहिला होता. पण महिनाभर हा माणूस माझ्या एका प्रश्नाची वाट बघत होता, हे काही डोक्यातून जाईना.

"परवा पट्टी बदलायची हाय. नऊ वाजता गाडी घेऊन ये," मी म्हणाले. "अन् काई इचारायचं असलं त मले इचार. याच्या पायाले नको."

"आता इचारू?"

"परवा."

तो किल्लीशी चाळा करत म्हणाला, "तीन दिवस हा आला नाही, तवापासून... माह्याबी पोटात भाकर गेली नाही."

मी कलेक्टरला छातीशी धरलं. हसू काही दाबता येईना.

"मंग उद्यावर ढकलण्यात अर्थ नाही," मी म्हणाले. "इचार."