चिमट्याने कूस बदलली

"पोट भाजून राहिलं न बाप्पा!" चंद्राभोवती फिरणारा चिमट्या ओरडला.

चिमट्या म्हणजे आमच्या चंद्रपूरच्या शाळेने पाठवलेलं बोलकं यान. बोलायला त्याला आम्हीच शिकवलं, म्हणून तक्रारही आमच्याच बोलीत! पण आज मला हसू येईना. त्याची बॅटरी तापत चालली होती. आणखी तापली, तर चिमट्या कायमचा गप्प होणार होता.

"अंगावरची चंदेरी चादर शाबूत आहे ना रे?" माझ्या मावशीने विचारलं. यानांचा ताप उतरवणं हेच तिचं काम.

"हो. पाठीवरचं ऊन ती परतवते. पोटच भाजते!"

मी चक्रावले. पोट तर सावलीत! म्हणून तर आम्ही चादरीतली एकुलती एक खिडकी (आतली उष्णता बाहेर टाकणारा काळा पत्रा) पोटावर बसवली होती. चंद्रपूरची पोरं आम्ही, मे महिन्यात सावलीशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

"कस्तुरी, सावलीत गार का वाटतं गं?"

"ऊन नसतं, आणि वारा लागतो."

"चिमट्याला वारा लागतो?"

"छे! तिथे कुठली हवा?"

"मग उष्णतेला ये-जा करायला एकच वाट उरली, प्रारण (तापलेल्या वस्तूतून न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने निघणारी उष्णता). आता सांग, संध्याकाळी गच्चीवरच्या भिंतीला टेकून बसतेस?"

"वेड लागलंय का मला? सूर्य मावळला तरी भिंत झळा मारते!" एवढं बोलले आणि जीभ चावली. "अगं मावशी, चिमट्याच्या पोटाखाली चंद्र आहे!"

"आणि भर दुपारी तो उकळत्या पाण्याहून जास्त तापतो. सूर्य वरून भाजतो, चंद्र खालून. ग्रह असो की उपग्रह, तापला की तोही उष्णता फेकतो."

म्हणजे खिडकीतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आतच येत होती! बिचाऱ्याला आम्ही तापल्या भिंतीला चिकटवून निजवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"त्याला कुशीवर वळवू या," मी म्हणाले. "खिडकीसमोर सूर्य नको, चंद्रही नको. नुसतं काळं, गारठलेलं आकाश!"

"मग वाट कसली बघतेस? वळव की!"

मी आज्ञा पाठवली. चिमट्या बोलेना. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा हलेना. मी मावशीचा हात घट्ट धरला. मग आकडा एकाने उतरला. पुन्हा एकाने.

"हुश्श!" चिमट्याचा आवाज आला. "काय गं कस्तुरी, पुढच्या खेपेला माझ्या भावाला बुधाकडे धाडणार ना? त्याला आधीच सांगून ठेव, कोणत्या कुशीवर झोपायचं ते."