पाण्याची बातमी

दह्याच्या पातेल्याशेजारी वृषालीने नवी पेटी ठेवली आणि ती रिकामीच आहे हे पुन्हा एकदा पाहिलं. कराडच्या त्या गल्लीत घरोघरी अशी पेटी होती, पोह्यांच्या डब्याएवढी. 'शेजार' नावाच्या त्या जाळ्याला कुणी मालक नव्हता, दूर कुठे मोठं यंत्रघरही नव्हतं. तुम्ही बोललात ते तुमच्या पेटीत राहायचं, आणि ज्यांनी 'ठेवते' म्हटलं त्यांच्या पेटीत. बघणं फुकट. ठेवायचं तर आपली जागा द्यावी लागे.

जुनी पेटी वीज पडून जळली होती. तिच्यातच निशिकांत होता.

निशिकांत, तिचा नवरा, रोज सकाळी गल्लीपुरती पाण्याची बातमी द्यायचा. 'नळावरून निशिकांत. पाणी टाकीतून निघालंय, वाटेत मेहुण्याकडे चहाला थांबलंय.' असला वात्रटपणा. तो गेल्यावरही वृषाली पोळ्या लाटताना त्याची एखादी जुनी बातमी लावायची. कधी कधी भांडी भरायला उठायचीसुद्धा.

तिला बघणारे लाखांनी होते. तिचे मसाले गाजले तेव्हा तिने पेटीची वेस, जी एरवी गल्लीपुरतीच असायची, जगाला उघडली आणि त्या गर्दीला दाखवायचं ते ठेवायला जागा हवी म्हणून गल्लीतल्यांचं ठेवलेलं सगळं, न सांगता, काढून टाकलं. गल्लीनेही तिच्या घरचं काढून फिट्टंफाट केली. आता तिने त्या लाखांना विचारलं, निशिकांतचं कुणी ठेवलंय का? जोडलेले हात आले, रडके चेहरे आले. एकाने विचारलं, 'ताई, काळा मसाला कधी?'

शेवटी ती पेटी काखेत मारून समोरच्या प्रणालीकडे गेली.

"या, चॅनेलवाल्या बाई! विरजण मागायला आल्यासारख्या काय उभ्या?"

"निशिकांतचं काही... तुझ्याकडे?"

"आहे थोडं."

वृषालीने काखेतली पेटी खाली ठेवली. "मी तुझं काढलं, तरी तू ठेवलंस?"

"तुझ्या नवऱ्यासाठी नाही हं ठेवलं. ऐक."

'नळावरून निशिकांत,' आवाज आला, तस्साच. 'आज पाण्याचा मूड...' आणि मागून एक खणखणीत म्हातारी ओरडली, 'अरे मुडद्या, बातमी पुरे! बादली सरकव!'

प्रणालीची आई.

"पुरात माझी पेटी भिजली," प्रणाली म्हणाली. "तरी मी निवांत होते. म्हटलं, आईचं सगळं वृषालीकडे आहे."

वृषालीला तो दिवस आठवला. प्रणाली दारात उभी होती, आणि आपण कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणालो होतो, अगं, जागाच नव्हती.

"भिजल्या पेटीतून आई एवढीच वाचलीय. तुझ्या नवऱ्याला शिव्या घालण्यापुरती."

दोघी हसल्या. मग वृषालीला हसता येईना.

बातम्या नव्या पेटीत उतरल्या. पेटीने विचारलं, वेस उघडायची? बाहेर पुष्कळ जण थांबलेत. वृषालीने 'नको' दाबलं आणि पेटी प्रणालीच्या तोंडासमोर धरली.

"बोल काहीतरी. मी ठेवते."

"मी काय बोलू?"

"काहीही. आज पाणी कधी आलं ते सांग."

प्रणाली पेटीच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "किती दिवस ठेवशील?"