रविवारचा एक तास

चौकशीच्या खिडकीत बसणारी त्या दिवशी रजेवर होती, म्हणून फ्लाइंग स्कूलची हिशेबनीस तिथे बसली. नाहीतर तिची नि लिफ्टवाल्याची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

"कमर्शियल पायलट व्हायला किती खर्च येतो?"

"तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. वर जायची सवय आहे... आता दोराशिवाय जायचंय."

हसू दाबत तिने अंदाजपत्रक मांडलं. उड्डाणाचे दोनशे तास, लेखी परीक्षा, डॉक्टरी तपासणी, आणि वर पंधरा तास जादा. "हे आपल्याला लागणार नाहीत असं प्रत्येकाला वाटतं. लागतात."

पगारातून दर रविवारी एक तास, असं ठरलं. उतरला की तो लॉगबुकवर शिक्का घ्यायला तिच्या टेबलाशी येई. शिक्क्याला मिनिट पुरे. तो अर्धा तास रेंगाळे. शिकवणारे कॅप्टनकाका जाता-येता टोमणा मारत, "याला हवेतून खाली आणता येतं हो, या खुर्चीतून उठवता येत नाही."

तिसऱ्या महिन्यात तिने त्याचं लॉगबुक नीट चाळलं आणि हिशेब मांडला. आठवडाभराच्या खंडात शिकलेलं विसरायचं, ते पुन्हा पैसे भरून शिकायचं. या चालीने पाच वर्षं, आणि तोवर पास झालेल्या परीक्षांची मुदत संपणार. त्यापेक्षा कर्ज काढून, दूरच्या स्कूलमध्ये रोज उडालं तर पंधरा महिने. खर्चही कमी.

तिने कागद तयार केला... आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्याचा पैसा वाया जाताना गप्प बसणाऱ्यातली ती नव्हे. तरी चार रविवार गप्प बसली.

पाचव्या रविवारी तो पडेल चेहऱ्याने आला. "लँडिंग परत पहिल्यापासून. मी होईन ना हो पायलट?"

तिने ड्रॉवरमधून कागद काढून पुढे सरकवला. "हा आधीच द्यायला हवा होता. माझं चुकलं."

त्याने वाचला. मग खिशातून स्वतःचा चुरगळलेला कागद काढून शेजारी ठेवला. तेच आकडे, तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

"ठाऊक होतं, तर इथे कशाला येत राहिलात?"

"तुम्ही ड्रॉवरमध्ये कशाला ठेवलात?"

खिडकीबाहेर धावपट्टीवर ऊन उतरत होतं.

"कर्ज मंजूर झालंय," तो हळूच म्हणाला. "उद्या निघायचंय. तुम्ही जा म्हणालात तर... पाय उचलेल."

"जा," ती म्हणाली. लॉगबुकवर शिक्का मारून दिला.

तो दारापर्यंत गेला, थांबला. "पंधरा महिन्यांत रविवार किती येतात?"

"पासष्ट," ती म्हणाली. कॅल्क्युलेटरला हातही न लावता.