व्हँकुव्हर, चौदा तास

बाबारावांची कवटी मागून फुटली होती. दुर्गजवळच्या रिसालीतल्या घराच्या मागच्या अंगणात ते पालथे पडले होते, शेजारी रक्ताने माखलेला पाइपपाना. मारणारा एका घावावर थांबला नव्हता. तीस वर्षं हवालदारकी केलेल्या प्रफुलने चार घाव मोजले आणि नजर वळवली.

पोलिसांनी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, कमलेशला धरलं होतं. कालच पाण्यावरून त्याचं बाबारावांशी वाजलं होतं. आज सकाळी नऊ वाजता किंकाळी ऐकून धावलो, त्यांना उचलायला गेलो, असं तो रडत सांगत होता. त्याच्या शर्टाची छाती रक्ताने भिजली होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंबही नाही. प्रकरण मिटलं, असं प्रफुलला वाटलं.

रमाताई ठवऱ्यांना तसं वाटलं नाही. दुर्ग रेल्वे स्टेशनच्या चौकशी खिडकीवर वीस वर्षं काढून त्या खासगी तपासाकडे वळल्या होत्या, आणि प्रफुल त्यांच्या हाताखाली होता. त्यांना बोलावलं होतं बाबारावांच्या पत्नीने, दुर्गाबाईंनी.

मुलगा अभिनव काल संध्याकाळी सातच्या विमानाने रायपूरहून निघाला, व्हँकुव्हरला नोकरीवर परत, असं दुर्गाबाईंनी सांगितलं. "रात्री अडीचले दिल्लीहून फोन आला त्याचा. तीनले विमान सुटते म्हणे. मी एकटीच जागी होती."

मुलगी मृणाल नऊला कोपऱ्यावरच्या दुकानात होती. दुकानदाराची साक्ष होती. भर मे महिन्यात तिच्या कुर्त्याला पूर्ण बाह्या होत्या. बाही सरकली तेव्हा मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले. न्हाणीत घसरले, ती म्हणाली.

तिचा नवरा सुशील घरजावई. केस अजून ओले. नऊ ते सव्वानऊ तो गच्चीवर अभिनवशी बोलत होता म्हणे. "व्हँकुव्हरले उतरल्याबरोबर त्यानं मले फोन केला." खात्रीसाठी त्याने मोबाइलवर पान काढून दाखवलं: रायपूर ते व्हँकुव्हर, सुमारे बारा हजार किलोमीटर, विमानाने चौदा तास. प्रफुलने बोटांवर मोजलं. काल सात ते आज नऊ, बरोबर चौदा.

रमाताईंनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं.

"हे पान सरळ रेघेचा हिशेब सांगते, सुशीलराव. रायपूरहून तिकडं थेट विमानच नाही. अभिनवनं दिल्लीले गाडी बदलली, तीनले. नऊ वाजता त्याले सहाच तास झाले होते. तो आकाशात होता. मग गच्चीवर तुम्ही कोनासंग बोलून राहिले होते?"

सुशीलचा हात ओल्या केसांकडे गेला.

"कमलेशनं मारलं असतं तर त्याच्या तोंडावर शिंतोडे असते. उचलताना फक्त छाती भिजते. शिंतोडे तुम्ही धुतले, केसांसकट."

मृणालने दोन्ही बाह्या वर सारल्या. "काल बाबांनी हे पाहिलं," ती हळूच म्हणाली. "आज सकाळी ह्यांना घराबाहेर काढतो म्हणाले."

सुशीलने झेप घेऊन तिचा गळा धरला. तिचे डोळे पांढरे झाले. प्रफुलने सगळं बळ लावून त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो खाली पडला तरी प्रफुलचा हात थांबेना. शेवटी पोलिसांनी त्यालाच मागे ओढलं.

साडेबाराला दुर्गाबाईंचा फोन वाजला. अभिनव जर्मनीत उतरला होता, पुढच्या विमानाला तीन तास होते. अर्धा रस्ता झाला आई, तो म्हणाला, आणि बाबा काय करून राहिले ते विचारलं.

दुर्गाबाईंनी खोकणाऱ्या लेकीला जवळ ओढलं.

"पुढचं विमान घेऊ नको, बेटा," त्या म्हणाल्या. "तिथूनच वापस ये."