गोळी कोण देणार?

प्राण्यांच्या दवाखान्यात ती टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेब?"

तिने वळून पाहिलं. बाहीला खडू लागलेला एक किडकिडीत माणूस तिच्या टोपलीत डोकावत होता. त्याच्या मांडीवर म्हातारी मांजर होती, पिंजऱ्यात. आणि तिचा बोका, तिचा लाडका बटण, त्या परक्या माणसाला क्षीण आवाजात उत्तर देत होता.

"हा माझा बोका आहे," ती म्हणाली.

"सकाळी माझा असतो. साहेब म्हणतो मी याला. माझ्या खिडकीत नाश्ता करतो. मला वाटायचं, बिचाऱ्याला कुणी नाही..."

"माझ्याकडे संध्याकाळी येतो. मलाही तेच वाटलं होतं."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. या लबाडाने दोन्हीकडे ताव मारून म्हण खोटी पाडली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, तो शाळेत भूगोल शिकवायचा, दोघं राहायची एकाच गल्लीत, आणि ओळख करून दिली ती बोक्याने. एरवी ती खूप हसली असती. पण बटण दिवसेंदिवस वाळत चालला होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "मांजरांचा ल्युकेमिया आहे, एका मांजराकडून दुसऱ्याला लागणारा. बरा होत नाही, पण जपलंत तर बराच काळ मजेत राहील. बाहेर सोडायचं नाही, दुसऱ्या मांजराजवळ न्यायचं नाही. कच्चं मांस, कच्चं अंडं बंद. आजाराशी लढायची ताकद त्याच्यात उरलेली नाही. मऊ, कोमट खाणं द्या, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आणि उपाशी ठेवू नका. उपासाने मांजराचं लिव्हर बिघडतं."

मास्तरची मांजर तपासणीत निर्धोक निघाली. म्हणजे बटण आता कायमचा तिच्याकडे, बंद खिडक्यांच्या आत.

तोंडातल्या जखमांसाठी गोळ्या होत्या. तिने शहाणपणा केला, गोळी कुटून खाण्यात कालवली. बटणने एक घास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि वाटीकडे पाठ फिरवली. पुढच्या वेळी गोळी नव्हती, तरी त्याने हुंगून सोडून दिलं. तिच्या हातचं सगळंच त्याला विष झालं. दुसऱ्या दिवशी तिने न राहवून मास्तरला फोन केला.

तो आला, साबणाने हात धुतले. उकडलेली कोंबडी तिच्याच पाण्यात कुस्करली, मनगटावर थेंब घेऊन ऊब पाहिली आणि बोट पुढे केलं. बटणने बोट चाटून लख्ख केलं. तिला आनंद झाला आणि हेवाही वाटला.

"तुमच्यात असं काय आहे?"

"बोटात खडू आहे ना. कॅल्शियम."

मग तो रोज येऊ लागला, शाळेआधी आणि शाळेनंतर. बेल वाजायच्या सुमारास तिला आरशात डोकावायची सवय लागली. मग स्वतःचाच राग यायचा... घरात जीव आजारी आणि हिला केसांचं पडलंय.

पण दोन वेळच्या खाण्यावर बटणचं वजन उतरतच गेलं. असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी तिने मास्तरला सगळं सांगून टाकलं.

"मीच त्याला फसवलं. गोळी खाण्यात घातली. तेव्हापासून गोळ्याही बंद आहेत. लाज वाटली म्हणून बोलले नाही."

तो बराच वेळ बटणच्या कानामागे खाजवत राहिला.

"मग आता गोळी मी देणार. खाण्यापासून लांब, टॉवेलात गुंडाळून, तोंड उघडून. आणि खाणं फक्त तुम्ही द्यायचं."

"तो तुमच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही."

"नाही राहणार."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल की... खूप वाटेल. पण तो दिवसभर तुमच्या घरात असतो. दुपारी दुकानातून धावत येता तुम्ही. त्याचा विश्वास तुमच्यावर बसायला हवा."

इतक्या साध्या आवाजात कुणी आपली लाडकी गोष्ट तिला दिली नव्हती.

दोनच दिवसांत बटण मास्तरची चाहूल लागताच पलंगाखाली पळू लागला. तिच्याकडेही येईना. तिने वाटी कोमट केली, गार झाली, पुन्हा कोमट केली. मास्तर गोळी देऊन आतल्या खोलीत दार लावून बसायचा, ओरबाडलेला हात धुऊन. घरात चिडीचूप.

एका संध्याकाळी पलंगाखालून आधी मिशा आल्या, मग नाक. तिने बोट पुढे धरलं. श्वाससुद्धा घेतला नाही. खरखरीत जीभ बोटाला लागली, थांबली, पुन्हा लागली. मग त्याने वाटीत तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत काढलं नाही.

ती पाय न वाजवता दारापाशी गेली.

"खाल्लं?" आतून कुजबुज आली.

"सगळं."

पलीकडे एक लांब श्वास सुटला. "गोळ्या या आठवड्यात संपतील. मग माझं काम संपलं. उगाच घाबरेल तो मला बघून."

"संपल्यावरही या."

"साहेबांना चालेल?"

"त्याला नका विचारू," ती दाराला कपाळ टेकून म्हणाली. "मला विचारा."

मग त्याने विचारलं, तिचं नाव घेऊन, पहिल्यांदाच. बोटं पुसायचंही तिला सुचलं नाही, तशाच बोटांनी तिने दार उघडलं.